पुढची कादंबरी निवडताना

वाचनालयात नवी कादंबरी हाती आली की मलपृष्ठावरच्या कौतुकावर जाऊ नका. मधलंच पान उघडा आणि दोन माणसांचं बोलणं वाचा. अहिराणी किंवा लेवा बोली ऐकत वाढलेल्या आपल्या खान्देशी कानाला बोली मुरलेली आहे की वरून फोडणी दिलेली, हे चार ओळींत कळतं.

वाचून संपल्यावर मनात काय राहिलं ते एका ओळीत लिहून ठेवा, पुढची निवड त्यावरूनच करा. समजा, कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (साहित्य अकादमी पुरस्कार, २०२३) वाचलीत. धरणग्रस्तांची परवड सलत असेल, तर विस्थापनावरचं दुसरं पुस्तक मागा. भाषेनेच धरून ठेवलं असेल, तर त्यांचीच ‘गावठाण’ घ्या. पन्नास पानांत जीव रमला नाही, तर पुस्तक खुशाल परत करा.