काही खाल्लं नाही, तरी फास्टिंग जास्त? लिव्हरच्या साखरेबाबत या चुका टाळा

रात्री एक भाकरी आणि मेथीची भाजी, गोडाला हातही लावला नाही, तरी सकाळी फास्टिंग १४२. नाशिकच्या कुठल्याही लॅबच्या काउंटरवर सकाळी सात ते नऊ या वेळात हे गाऱ्हाणं ऐकू येतं, आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न: खाल्लंच नाही तर शुगर आली कुठून?

लिव्हरमधून आली. साठ किलो वजनाच्या माणसाचं लिव्हर रात्रभर तासाला साधारण सात ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असतं. सोडावंच लागतं. सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि एकट्या मेंदूला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतं. लिव्हर हे ग्लुकोज दोन वाटांनी आणतं: साठवलेलं ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) फोडून, आणि लॅक्टेट, ग्लिसरॉल, अमिनो आम्लं यांच्यापासून नव्याने तयार करून. दोन्ही वाटा शेवटी ग्लुकोज-६-फॉस्फेटेज या एकाच एन्झाइमपाशी, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनापाशी, येतात. स्नायूंमध्येही ग्लायकोजेन भरपूर असतं, पण तिथे हे एन्झाइम नसल्यामुळे स्नायूतली साखर रक्तात येत नाही. निरोगी माणसात इन्सुलिन लिव्हरला थांबवतं. टाइप २ मधुमेहात लिव्हर ते नीट ऐकत नाही, त्यात पहाटे कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, म्हणून सकाळचा आकडा चढलेला दिसतो.

हे माहीत नसल्यामुळे पहिली चूक होते ती रात्रीचं जेवण बंद करण्याची. बारा तास उपाशी राहून १४२ आली, तर उद्या सोळा तास राहू, म्हणजे उतरेल! तपासणीसाठी आठ ते बारा तासांचा उपवास पुरतो, पाणी चालतं. त्याहून ताणलं तरी लिव्हर साखर सोडणं थांबवत नाही, फक्त साठ्याऐवजी नव्याने बनवण्यावर जास्त भर देतं, आणि तो आकडा तुमच्या रोजच्या दिवसाचा राहत नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नाईट शिफ्ट करणाऱ्यांचं तर वेगळंच. पहाटे तीनला कॅन्टीनमध्ये वडापाव आणि सातला लॅबमध्ये ‘फास्टिंग’. ही फास्टिंग नव्हेच. सुट्टीच्या आठवड्यात, रात्रीची झोप झाल्यावर तपासा, नाहीतर डॉक्टरांना विचारून एचबीएवनसीवर (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीवर) भर द्या.

दुसरी चूक रिपोर्ट वाचण्याची. एलएफटीमध्ये, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीत, एसजीपीटी वाढलेलं दिसलं की ‘लिव्हरचं एन्झाइम वाढलंय, म्हणून शुगर वाढतेय’ असा निष्कर्ष घरीच निघतो. रिपोर्टमधलं एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाल्यावर रक्तात झिरपलेलं एन्झाइम. साखर बनवणारी मुख्य एन्झाइम पेशीच्या आत काम करतात आणि नेहमीच्या कुठल्याही रिपोर्टमध्ये मोजली जात नाहीत. गंमत म्हणजे एसजीपीटीचाही साखरेशी दुरून संबंध आहे. अॅलनिन या अमिनो आम्लाचं पायरुव्हेट ते करतं, आणि पायरुव्हेटपासून पुढे ग्लुकोज होतं. पण रक्तातल्या आकड्यावरून त्या कामाचा अंदाज येत नाही. एसजीपीटी वाढलं असेल तर फॅटी लिव्हर आहे का ते बघायला हवं, आणि फॅटी लिव्हर असलेल्यांची फास्टिंग अनेकदा चढी असते. संबंध आहे तो हा, एवढाच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘शास्त्रज्ञांना लिव्हरमधलं साखर बनवणारं एन्झाइम सापडलं, ते बंद केलं की मधुमेह संपला’ अशा मजकुराचे फॉरवर्ड फिरतात, खाली एखाद्या ‘लिव्हर डिटॉक्स’ पावडरचा नंबर असतो, आणि कोणीतरी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद करतं. एन्झाइम आत्ता सापडलेलं नाही. गर्टी आणि कार्ल कोरी या शास्त्रज्ञ दांपत्याला ग्लायकोजेनवरच्या कामासाठी १९४७ चं नोबेल मिळालं. १९५२ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की फॉन गिर्के हा जन्मजात आजार असलेल्या मुलांच्या लिव्हरमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेटेज कमी असतं किंवा नसतंच. या मुलांचं लिव्हर ग्लायकोजेनने फुगतं आणि जेवणाला काही तास उशीर झाला तरी शुगर धोकादायक खाली जाते. त्यांना दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, कच्चं कॉर्नस्टार्च पाण्यात कालवून द्यावं लागतं. हे एन्झाइम पूर्ण बंद झालं की काय होतं, याचं उत्तर निसर्गानेच देऊन ठेवलंय.

साखर बनवणारं दुसरं एन्झाइम म्हणजे पेपसीके. अटर आणि कुराहाशी यांनी १९५४ मध्ये कोंबडीच्या लिव्हरमधून ते शोधलं, आणि पुढे कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांत साखरनिर्मितीची गती ठरवणारं एन्झाइम म्हणून त्याचाच मान होता. मग २००७ मध्ये उंदरांवर मोजमाप झालं. लिव्हरमधलं पेपसीके ९० टक्क्यांनी कमी केलं, तर साखरनिर्मिती उतरली फक्त ४० टक्क्यांच्या आसपास. २००९ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या माणसांच्या लिव्हरचे नमुने तपासले, तेव्हा फास्टिंग चढी असूनही पेपसीके किंवा ग्लुकोज-६-फॉस्फेटेज यांच्या जनुकांचं काम वाढलेलं दिसलं नाही. २०११ मध्ये फ्रान्समध्ये ल्यों इथल्या संशोधकांनी उंदरांच्या फक्त लिव्हरमधलं ग्लुकोज-६-फॉस्फेटेज काढून टाकलं, तर लांबलेल्या उपवासात किडनी आणि आतड्याने ग्लुकोज बनवायचं काम उचललं! पाटाचं एक दार बंद केलं तर पाणी दुसऱ्या चारीने निघतं, तसंच. फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटेज या तिसऱ्या एन्झाइमला अडवणारं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं होतं, पण बाजारात आलं नाही.

मग मेटफॉर्मिन काय करतं? लिव्हरची साखरनिर्मितीच कमी करतं. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी मधुमेहासाठी ते वापरल्याचं प्रसिद्ध केलं. ते नेमकं कुठे बोट ठेवतं यावर आजही वाद चालू आहे, पण गोळी काम करते. म्हणजे फॉरवर्डमध्ये जे ‘येणार’ म्हणतात, ते करणारी स्वस्त गोळी तुमच्या डब्यात आहे. ती सोडून पावडर घेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

चौथी गोष्ट लॅबवाल्यांनीही वाचावी. दिंडोरी, निफाडकडच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त घेतात आणि गाडी शहरात पोचेपर्यंत दुपार होते. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. साध्या नळीत, साधारण तापमानाला, तासाला ५ ते ७ टक्के घट होते आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. १३० ची शुगर तीन तासांत ११० च्या खाली येऊ शकते. १२६ आणि वरचा आकडा मधुमेहाचा, १०० ते १२५ प्रीडायबेटिसचा. म्हणजे निदानच बदललं. करड्या टोपीच्या नळीत फ्लोराइड असतं, त्याने घट थांबते, पण लगेच नाही. फ्लोराइड इनोलेज हे एन्झाइम अडवतं आणि ते ग्लुकोज जळण्याच्या साखळीत बरंच पुढे आहे, त्यामुळे पहिला तास-दोन तास गळती चालूच राहते. उपाय साधा आहे: नळी बर्फात ठेवा, किंवा सेंटरवरच सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करा. रुग्णाने विचारावं, ‘नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता लावला?’ दोन लॅबच्या आकड्यांत फरक आला तर आधी हे बघा, मशीनवर नंतर या.

शेवटी उलट बाजू, शुगर लो होण्याची. तिसऱ्या श्रावण सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघणाऱ्यांत ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे कितीतरी असतात. उपवास, चढ, चालणं आणि वर ती गोळी. ही गोळी इन्सुलिन वाढवते, इन्सुलिन लिव्हरला थांबवतं, आणि पाय मात्र ग्लुकोज मागत राहतात. फेरीआधी डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना विचारा आणि खिशात ग्लुकोज पावडर ठेवा.

आपल्याकडची वाईनही इथेच येते. ‘दोन ग्लास घेतले, सकाळी शुगर ९० आली, म्हणजे वाईन चांगली’ हा हिशेब चुकीचा आहे. लिव्हर अल्कोहोल जाळताना पेशींत एनएडीएच नावाचं रसायन साठतं, आणि त्यामुळे लॅक्टेटपासून ग्लुकोज बनणं अडतं. आकडा उतरला तो लिव्हरचं काम तात्पुरतं अडल्यामुळे. उपाशीपोटी प्यायलात, ग्लायकोजेन संपलेलं आहे आणि वर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू आहे, तर शुगर झोपेतच घसरते. बाकीच्यांना वाटतं, चढलीय, झोपू द्या. लिव्हरला साखर सोडायला लावणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शनही अशा वेळी नीट चालत नाही, कारण लिव्हरमध्ये सोडायला साठाच नसतो. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटर लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा आणि काय प्यायलं, कुठली गोळी घेतली ते आधी सांगा.