फवारणीचे कपडे उंबऱ्याबाहेर

दिंडोरी-निफाड पट्ट्यात द्राक्षाच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, धांदल सुरू आहे. आज छाटणी, लगेच पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला रसायन लावणं), आणि एकदा पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, फुटला की पावसाचा अंदाज बघून फवारणीमागून फवारणी. करपा-डाऊनीसारख्या रोगांवर सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतात. फवारणाऱ्याच्या अंगाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून आज तेवढंच.

आधी पेस्टिंग. त्यातल्या हायड्रोजन सायनामाइडने हाताची साल निघते हे सगळे जाणतात, तरी निम्मे लोक उघड्या हातानेच काडीला लावतात. खरा धोका संध्याकाळी आहे. दारू पचताना शरीरात अॅसिटाल्डिहाइड तयार होतं, आणि ते मोडणाऱ्या विकरालाच हे रसायन अडवतं. मग थोडी घेतली तरी तोंड लालबुंद, छातीत धडधड, डोकं ठणकणं, उलट्या. याच गुणामुळे जपानमध्ये सायनामाइड दारू सोडवायला औषध म्हणून देतात! तेव्हा आदल्या दिवसापासून ते काम संपल्यावर पुढचे काही दिवस दारू घ्यायची नाही. पेठ-सुरगाण्याहून टोळी येणार असेल तर मुकादमाला हे आधीच सांगा. ज्याला राहवणार नाही, त्याला छाटणीला लावा, पेस्टिंगला नको.

दुसरं, घर. अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यात, तेही फळबागांचंच, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी शेतमजुरांच्या घरातली आणि गाडीतली धूळ तपासली. 2002 साली छापून आलेल्या या अभ्यासात दोन्हीकडे बागेतलं कीटकनाशक सापडलं. ते घरात पोचायला कपडे आणि बूट पुरेसे असतात. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यातला बर्कली विद्यापीठाचा अभ्यास तर जास्तच अस्वस्थ करतो. गरोदरपणी ज्या आयांच्या अंगात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक सर्वांत जास्त आढळलं, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सर्वांत कमी आढळलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी 7 गुणांनी खाली होता. हे 2011 सालचे निष्कर्ष.

आपल्याकडे ब्लोअरवरून, म्हणजे फवारणीच्या ट्रॅक्टरवरून, उतरलेला माणूस तसाच ओट्यावर टेकतो, नातू मांडीवर येतो, आणि ते कपडे सून घरच्या धुण्यातच भिजवते. हे थांबवा. कपडे शेडमध्येच उतरवा. धुण्याची बादली वेगळी, आणि ते पाणी विहिरीपासून लांब. गरोदर बाईने या कपड्यांना हात लावू नये. हातमोजे नायट्राइलचे घ्या, कापडी मोजा फवारणीचं औषध पिऊन कातडीलाच धरून ठेवतो. मोजे हातात असतानाच धुवा, मग काढा. पॅन्ट गमबुटाच्या बाहेर. आणि तंबाखू मळायची असेल तर आधी साबणाने हात, नाहीतर चुन्याबरोबर औषधही दाढेखाली जाईल.

फवारताना किंवा नंतर घाम, लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, अंधुक दिसू लागलं तर ती विषबाधा समजा, लिंबूपाणी देत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, अंग धुवा, 108 ला फोन करा, आणि औषधाची बाटली लेबलसकट डॉक्टरांकडे न्या.