मासेमारीचा गाइड व्हायचंय? आधी डोंग्यात बसा

गळाने मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायचं काम हवं, पण अनुभव नाही म्हणून कुणी घेत नाही. भंडारा-गोंदियाकडच्या पोरांनो, गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेत जा. अनेक मामा तलावांचा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या तलावांचा) ठेका त्यांच्याकडेच असतो. एक हंगाम ढिवर या मच्छीमार समाजातल्या जुन्याजाणत्या काकांच्या हाताखाली राहू द्या म्हणा. रोजीचं आधीच बोलून घ्या.

डोंगा चालवा, जाळं विणायला शिका. रोज संध्याकाळी वहीत लिहा: पाणी किती उतरलं, वारा कुठला, मरळ मासा कुठे आणि कोणत्या आमिषाला लागला. काका तोंडी सांगतात ते तर नक्कीच लिहा, ते पुस्तकात सापडत नाही. काम मागायला जाताना हीच वही दाखवा.

संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकू नका, अभयारण्याच्या हद्दीत तर मुळीच नाही.