मध्ययुगीन छावणीत मंजिष्ठाने लोकर रंगवताना

इंग्लंडमधील ट्यूक्सबरी येथे १४७१ साली झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ उन्हाळ्यात मध्ययुगीन छावणी उभारली जाते. अशा छावणीत शनिवार-रविवार राहून चुलीवर मंजिष्ठाने, म्हणजे लाल रंग देणाऱ्या वनस्पतीच्या मुळांनी, लोकर रंगवायची असेल, तर रंग धाग्यांना धरावा म्हणून तिला तुरटी लावण्याचे काम घरीच उरकून जावे; शुक्रवारची संध्याकाळ तंबूचे दोर ताणण्यातच सरते. कोरड्या लोकरीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी पाण्यात विरघळवून लोकर त्यात तासभर मंद आचेवर ठेवावी आणि रात्रभर तशीच मुरू द्यावी.

मंजिष्ठाच्या मुळांची भरड लोकरीच्या वजनाइतकी घेऊन कापडाच्या पुरचुंडीत बांधावी, नाहीतर मुळांचे कण धाग्यांत अडकून बसतात. लोखंडी कढई त्या काळाला कितीही शोभत असली तरी तिच्यात लाल रंग काळपट होतो, म्हणून तांब्याचे किंवा स्टीलचे पातेले घ्यावे आणि त्यात पुन्हा स्वयंपाक करू नये. पाण्याला उकळी मात्र फुटू देऊ नये, कारण ७० अंश सेल्सिअसच्या बरेच पुढे गेल्यास मुळांतील तपकिरी छटा उतरू लागते. काठाशी बारीक बुडबुडे दिसताच चुलीतली एक-दोन लाकडे मागे ओढावीत. थर्मामीटर झग्याच्या आत लपवून ठेवला तरी कोणी रागावणार नाही. रंगलेली लोकर त्याच पाण्यात निवू द्यावी, कारण गरम लोकर एकदम गार पाण्यात बुचकळून चोळली की ती आटून तिचा नमदा, म्हणजे धागे एकमेकांत गुंतलेला घट्ट गोळा, होतो.