लिलावातला जुना ट्रेलर घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे

यंत्रसामग्री वाहून नेणारा जुना ट्रेलर लिलावात घ्यायचा की नाही, याचा निर्णय बोली सुरू होण्यापूर्वीच झालेला असला पाहिजे. बहुतेक लिलावांत माल ‘जसा आहे तसा, जिथे आहे तिथे’ या अटीवर विकला जातो. त्यामुळे ट्रेलर ताब्यात आल्यानंतर निघालेला कोणताही दोष घेणाऱ्याच्याच पदरी पडतो. म्हणून पाहणीसाठी दिलेला दिवस हाच खरेदीचा खरा दिवस समजावा, आणि पाहणीला जाणे किंवा जाणकार माणूस पाठवणे शक्य नसेल, तर केवळ छायाचित्रांच्या भरवशावर बोली लावू नये.

पाहणीच्याही आधी आपली गरज कागदावर मांडावी. ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेल्या एकूण वजनात ट्रेलरचे स्वतःचे वजनही धरलेले असते, ही साधी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. एकूण वजन १४ टन आणि रिकाम्या ट्रेलरचे वजन ४ टन असेल, तर त्यावर १० टनच माल चढवता येतो. साडेनऊ टनांचे खोदयंत्र, त्याची जादा बकेट, भरलेली डिझेल टाकी आणि साखळ्या एकत्र धरल्या की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मागच्या हुकला जोडून ओढायच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर यावा लागतो. तेव्हा आपले ओढणारे वाहन तो भार पेलेल का, त्याची ब्रेकची जोडणी आणि हुकची उंची जुळेल का, हेही याच वेळी पाहावे. येथे मेळ बसत नसेल, तर ट्रेलर कितीही स्वस्त असो, पुढे जाण्यात अर्थ नाही.

त्यानंतर ट्रेलर विक्रीला का आला आहे, हे विचारावे. भाड्याने यंत्रे देणाऱ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी आपला ताफा बदलतात. असा ट्रेलर भरपूर वापरलेला असतो, पण त्याच्या देखभालीच्या नोंदी मिळण्याची शक्यता असते. कर्ज थकल्यामुळे जप्त झालेल्या ट्रेलरची गोष्ट वेगळी असते. हप्ते भरणे ज्याला जमत नव्हते, त्याने शेवटच्या काळात ग्रीस आणि ब्रेक यांवर खर्च केला असेल, असे गृहीत धरता येत नाही. कोणत्याही प्रकारात चासीवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून कागदपत्रांशी ताडून घ्यावा. १७ चिन्हांच्या प्रमाणित नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत. ती दिसली, किंवा नंबराभोवतीचा पत्रा घासलेला आढळला, तर तेथेच थांबावे. वाहनावर कर्जाचा बोजा शिल्लक आहे का आणि नाव बदलून देण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष पाहणी. माझ्या मते दोषांचे दोनच प्रकार असतात: किंमत कमी करणारे आणि व्यवहारच संपवणारे. टायर, दिवे, वायरिंग, फळ्या, ब्रेकचे लायनर हे सगळे पहिल्या प्रकारात मोडतात, कारण त्यांचा खर्च आधी मोजता येतो. चासीचे तसे नाही, म्हणून सर्वात जास्त वेळ ट्रेलरच्या खाली घालवावा. सोबत विजेरी, तारेचा ब्रश, लहान हातोडी आणि मोजपट्टी असावी. कमानपाट्यांचे (चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे) ब्रॅकेट मुख्य बीमला जेथे वेल्ड केलेले असतात ती जागा, ओढणाऱ्या वाहनाकडे जाणाऱ्या पुढच्या मानेचे वळण आणि रॅम्पच्या बिजागऱ्यांचे बूड या तीन ठिकाणी ताण साठतो. तडा थेट दिसेलच असे नाही. पुष्कळदा रंगातून उतरलेली केसाएवढी तांबूस रेघच तेवढी दिसते. ती ब्रशने घासून पाहावी. पृष्ठभाग साफ झाल्यावर ती नाहीशी झाली तर तो वरचा गंज आहे, आणि वेल्डच्या कडेने पुढे सरकत गेली तर तो तडा आहे. जुन्या तड्यावर पट्टी ठोकून केलेले वेल्डिंग, तेही फक्त एका बाजूला, आढळले तर ट्रेलर सोडून द्यावा. इतर सर्व भाग मळके असताना नेमक्या याच जागा ताज्या रंगाने चमकत असतील, तर संशय घेणे योग्यच आहे.

बीमच्या कडेने दोरी ताणून पाहावी. पुष्कळ सपाट ट्रेलर मुद्दाम मध्ये किंचित वर उचललेले बनवतात, म्हणजे भार आल्यावर ते सरळ होतात. रिकामा ट्रेलरच मध्ये खाली झुकलेला दिसला, तर त्यावर वर्षानुवर्षे जादा माल लादला गेला आहे, असा त्याचा अर्थ होतो. पुढच्या जोडणीच्या मध्यापासून पहिल्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतरही मोजावे. त्यात काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर ॲक्सल सरकलेला आहे.

टायर बदलता येतात, पण बदलण्याआधी त्यांवरून ट्रेलरचा इतिहास वाचून घ्यावा. फक्त आतली कड झिजली असेल तर ॲक्सल वाकल्याची शक्यता असते, आणि जागोजागी खळगे पडले असतील तर बेअरिंग किंवा पाटे सैल झालेले असतात. टायरच्या बाजूवरील चार आकडी खुणेतून तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर बराच काळ उभा असतो, त्यामुळे नक्षी शाबूत असूनही रबर तडकलेले असते. अशा टायरांच्या जागी नवे घालण्याचा खर्च हिशेबात धरावा. परवानगी मिळाल्यास चाक जॅकवर उचलून वरून आणि खालून धरून हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंगचा खर्च लिहून ठेवावा.

यानंतर हिशेब. तशाच चांगल्या स्थितीतील वापरलेल्या ट्रेलरला खुल्या बाजारात पडणारी किंमत १०० धरू. दुरुस्तीचे २०, वाहतुकीचे ६ आणि न दिसलेल्या दोषांसाठी ८ वजा केले की ६६ उरतात. लिलाव संस्था बोलीवर १० टक्के शुल्क घेत असेल, तर ६६ ला १.१ ने भागावे लागते, म्हणजे बोलीची कमाल मर्यादा ६० येते. कर लागू असेल तर ती आणखी खाली जाते. हा आकडा लिहून सोबत ठेवावा आणि शेजारचा माणूस कितीही चढत गेला तरी तो बदलू नये. त्याच्याकडे स्वतःचे वर्कशॉप असेल आणि त्याची दुरुस्ती आपल्या निम्म्या खर्चात होत असेल, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. पैसे भरण्याची आणि माल उचलण्याची मुदत, मुदत चुकल्यास जागेचे भाडे आणि अनामत जप्त होण्याची अट आधी वाचलेली असावी.

ट्रेलर मिळालाच, तर तो तेथून चाकांवर ओढत न्यायचा की दुसऱ्या वाहनावर लादून, हे टायर आणि ब्रेक पाहून ठरवावे. ओढत नेणार असाल तर निघण्यापूर्वी दिवे, ब्रेक आणि चाकांचे नट तपासावेत, आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्यभागाजवळ, हात नेऊन उष्णता पाहावी. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल, तर तेथील बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक मोकळा करेपर्यंत पुढे जाऊ नये. चाके काढून बसवली असतील, तर सुमारे ८० ते १६० किलोमीटरनंतर नट पुन्हा ठरलेल्या ताणाने आवळावेत.