‘धर्मसंकट’ लिहिताना या चुका टाळा

पैठणी हिरवी घ्यावी की जांभळी, यालाही हल्ली लोक धर्मसंकट म्हणतात. ती फार तर पंचाईत. धर्मसंकटात दोन्ही बाजूंना कर्तव्य उभं असतं आणि एक पाळायला गेलं की दुसरं मोडतं. एकीकडे कर्तव्य आणि दुसरीकडे मोह असेल, तर तेही धर्मसंकट नव्हे. ‘लाच घेऊ की नको’ यात कसलं आलंय धर्मसंकट?

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे इथल्या ‘धर्मा’चा अर्थ पंथ किंवा उपासना असा घेणं. एका शालेय वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होते. विषय होता ‘माझ्यापुढचं धर्मसंकट’. एकामागून एक मुलं येऊन आपला धर्म कसा धोक्यात आहे, हे तावातावाने सांगत होती. भाषणं उघडच मोठ्यांनी लिहून दिलेली होती आणि त्या मोठ्यांनी शब्दकोश उघडायचेही कष्ट घेतले नव्हते. मग एक सातवीतली मुलगी आली. घरची म्हैस विकली होती. आजी आजारी, म्हणून वडिलांनी बजावलं होतं, तिला कळू द्यायचं नाही. आजी मात्र रोज विचारायची, “व्याली का गं?” आजीशी खोटं बोलायचं नाही हेही वडिलांनीच शिकवलेलं. विषय तिला एकटीलाच कळला होता. बक्षीस मात्र आवेशाला गेलं. सहपरीक्षकांशी मी वाद घातला आणि आजही घालेन.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्वतःला ‘धर्मसंमूढचेताः’ म्हणतो. आपलं कर्तव्य कोणतं, हेच त्याला कळेनासं झालंय. समोर भीष्म-द्रोण आणि मागे क्षत्रियाचं कर्तव्य. शब्दाचं वजन एवढं आहे.

माझी सवय सांगते. कागदावर दोन्ही पर्याय लिहायचे आणि दोन्हींपुढे ‘केलंच पाहिजे’ जोडून वाचायचं. एकाही ठिकाणी वाक्य लटकं वाटलं तर शब्द बदलायचा. दोन मिनिटं लागतात, पण घाईने भाषांतराच्या अ‍ॅपमधून शब्द उचलणाऱ्यांना तीही जड जातात.

‘यक्षप्रश्न’ हा धर्मसंकटाचा पर्याय म्हणून वापरू नका. वनपर्वात युधिष्ठिराने यक्षाला सगळी उत्तरं दिली. त्याची खरी कसोटी लागली ती त्यानंतर. मेलेल्या चार भावांपैकी एकच जिवंत होईल, कोण हवा? भीम-अर्जुन सोडून त्याने नकुल मागितला. कुंतीचा एक मुलगा, म्हणजे तो स्वतः, जिवंत होता, मग माद्रीचाही एक राहायला हवा. धर्मसंकट हवं असेल तर ते त्या निवडीत शोधा.

बाकीच्या चुका थोडक्यात. ‘दुविधा’ हिंदीत शोभते, मराठीत मन द्विधा होतं. ‘मनःस्थिती’तला विसर्ग खाऊ नका. माहिती नसल्यामुळे अडलात तर तो संभ्रम, चौकशी केली की संपतो. दोन्हीकडे नुसतं नुकसानच असेल, तर ‘इकडे आड, तिकडे विहीर’ पुरेसं आहे. ‘धर्म संकट’ असं तोडून लिहू नका. आणि हल्ली सर्रास दिसणारं ‘धर्मसंकटाचा सामना करणे’ तर नकोच. मराठी माणूस धर्मसंकटात सापडतो आणि त्यातून वाट काढतो.