विद्यापीठ ग्रंथालयाचे नूतनीकरण आणि विस्तार : निविदा काढण्यापूर्वीची तयारी

ग्रंथालयाचा विस्तार करायचे ठरले की बहुतेक विद्यापीठांत पहिली बैठक वास्तुविशारदाबरोबर होते आणि दर्शनी भागाचे रंगीत चित्र पुस्तकांच्या मोजणीआधीच तयार होते. हा क्रम उलटा असायला हवा. आपले ग्रंथालय आज कोण, केव्हा आणि कशासाठी वापरतो, आणि इमारत किती भार सोसू शकते, या दोन गोष्टी लेखी हाती आल्यावरच आराखड्याचे बोलणे सुरू करावे. पुढील यादी महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या जुन्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर तेथील ग्रंथालयाचा कारभार ज्ञानस्रोत केंद्राच्या संचालकांकडे आला. या तयारीची सूत्रेही त्यांच्याकडेच असावीत, अभियांत्रिकी विभागाकडे एकट्याकडे नसावीत.

सुरुवात वापराच्या नोंदीने करावी. किमान एक पूर्ण सत्र, परीक्षेचे दिवस धरून, दर दोन तासांनी प्रत्येक कक्षातील भरलेल्या आणि रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात. प्रवेशद्वारावरची नोंदवही किती जण आत आले एवढेच सांगते. ते कुठे बसले, किती वेळ बसले आणि जागा न मिळाल्याने किती जण परत गेले, हे तिच्यातून कळत नाही. आपल्याकडे वाचनकक्षात येणारे साधारण तीन प्रकारचे असतात. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांचे विद्यार्थी दोन तासिकांच्या मधल्या वेळेत येतात आणि त्यांना गटाने बोलत अभ्यास करायचा असतो. संशोधकांना महिनोन्‌महिने एकच टेबल, बंद करता येणारा कप्पा आणि दुर्मिळ संग्रहाची जवळीक हवी असते. राज्यसेवा किंवा केंद्रीय लोकसेवेच्या परीक्षांची तयारी करणारे सकाळी दार उघडण्याआधी रांगेत असतात, स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि रात्री उशिरापर्यंत बसतात. या तिघांना एकाच दालनात बसवले की तिघांचीही अडचण होते. तिसऱ्या गटाकडे पाहुणे म्हणून पाहण्याची सवय मला मान्य नाही. खेड्यातून आलेल्या आणि चौघांच्या खोलीत राहणाऱ्या मुला-मुलींसाठी ही खुर्ची हीच अभ्यासाची एकमेव जागा असते. त्यांच्यासाठी स्वतंत्र दार असलेली, मुख्य ग्रंथभांडार बंद करूनही चालू ठेवता येईल अशी अभ्यासिका आराखड्यात पहिल्यापासून धरावी. तिला लागून स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि डबा खाण्याची जागा असावी, आणि तेथून वसतिगृहापर्यंतचा रस्ता रात्री उजेडाचा असावा. विद्यार्थिनींना रात्री थांबता येते की नाही, हे या रस्त्यावरच ठरते.

खुर्च्यांची गरज कळली की क्षेत्रफळाचा हिशेब सोपा होतो. वाचनकक्षात एका वाचकामागे सुमारे २.३ चौरस मीटर जागा धरली, तर ५०० वाचकांना साधारण ११५० चौरस मीटर लागतात; जिने, सामानघर, देवघेव विभाग आणि स्वच्छतागृहे त्याखेरीज. प्रत्येक बैठकीजवळ विजेचा सॉकेट हवा. तो नसला की विद्यार्थी भिंतीकडेच्याच जागा धरतात आणि मधली टेबले रिकामी राहतात.

सर्वांत जास्त काळजी भाराच्या हिशेबाची घ्यावी. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे वर्गखोलीची जमीन प्रत्येक चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो, भार धरून आखतात. पुस्तकांच्या भांडारासाठी मात्र किमान ६ किलोन्यूटन धरावे लागतात आणि मांडणीची उंची २.२ मीटरच्या वर गेली की दर मीटरमागे आणखी २ वाढतात. याचा सरळ अर्थ असा की रिकाम्या झालेल्या वर्गखोल्या किंवा वाचनकक्ष तपासणी न करता ग्रंथभांडारासाठी वापरता येत नाहीत. रुळांवर सरकणारी, एकमेकांना चिकटणारी कपाटे जागा वाचवतात म्हणून ती घेण्याचा मोह होतो. पण मधल्या वाटा नाहीशा झाल्या की तेवढ्याच जमिनीवर जवळजवळ दुप्पट पुस्तके येतात. अशी कपाटे शक्यतो तळमजल्यावरच ठेवावीत. म्हणून संरचना परीक्षण आराखड्याआधी करून घ्यावे. त्यात काँक्रीटचे नमुने, सळ्यांचा गंज, गच्चीची गळती आणि पाया यांची तपासणी असावी, आणि प्रत्येक मजल्याचा सुरक्षित भार आकड्यात लिहून मागावा. ‘इमारत सुस्थितीत आहे’ एवढ्या एका वाक्याचा अहवाल स्वीकारू नये. नवी इमारत जुनीला जोडायची असेल तर दोहोंचे पाये वेगवेगळ्या गतीने खचतात हे लक्षात घेऊन मध्ये सांधा सोडावा लागतो आणि तो सांधा पावसाळ्यात गळणार नाही याची तजवीज करावी लागते. दोन्ही इमारतींच्या मजल्यांची पातळी एक आहे की नाही हेही आधीच मोजावे. मध्ये दोन पायऱ्या आल्या तर पुस्तकांची ढकलगाडीही अडते आणि चाकाची खुर्चीही.

यानंतर संग्रहाकडे वळावे. ग्रंथमोजणी झाल्याशिवाय एकही पुस्तक हलवू नये, कारण स्थलांतरानंतर जे सापडत नाही ते आधी होते की नव्हते हे कोणालाच सांगता येत नाही. दाखल नोंदवही, संगणकातील तालिका आणि फळीवरची प्रत यांचा मेळ घालावा, प्रत्येक प्रतीला बारकोड किंवा आरएफआयडी (रेडिओलहरींनी ओळखली जाणारी) पट्टी याच वेळी लावून घ्यावी. मोजणीबरोबर निवडही होते. क्रमिक पुस्तकांच्या कालबाह्य झालेल्या पंचवीस-तीस प्रती, आणि ज्यांचे ऑनलाइन अंक कायमस्वरूपी उपलब्ध आहेत अशा नियतकालिकांचे छापील संच, समितीच्या ठरावाने कमी करता येतात. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. त्यामुळे जागा किती सुटेल याचा विचार जरूर करावा, परंतु वर्गणी म्हणजे मालकी नव्हे, हे निर्णय घेणाऱ्यांच्या ध्यानात आणून द्यावे. मराठी लघुनियतकालिके, दिवाळी अंक, जिल्ह्यातील जुनी वृत्तपत्रे, हस्तलिखिते आणि आपल्याच विद्यापीठातले छापील प्रबंध यांना हात लावू नये. अशा योजनांच्या यादीत ते येत नाहीत आणि अनेकदा त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. देवघेवीच्या आकड्यांवरून त्यांची किंमत ठरवणे हा अन्याय होईल.

इमारत वारसा यादीत असेल तर परवानग्यांसाठी वेगळा वेळ धरावा. मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधील ग्रंथालय आणि त्याला जोडलेला राजाबाई टॉवर हे याचे चांगले उदाहरण आहे. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईला न येता आराखडे पाठवले, प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने देणगी दिली आणि १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने तेथे दगडकाम, लाकूडकाम आणि रंगीत काचांचे जतन होऊन २०१५ मध्ये इमारत पुन्हा खुली झाली. २०१८ पासून ती जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. अशा वास्तूत दाटीने अभ्यासिका आणि वातानुकूलनाचे नळ कोंबण्याचा कोणी विचारही करू नये. रोजच्या वर्दळीचे ग्रंथालय कलिन्याच्या संकुलात आणि ऐतिहासिक वास्तू फोर्टात, ही विभागणी मला योग्य वाटते. ज्यांच्याकडे अशी देखणी जुनी इमारत आहे त्यांनी विस्तार तिच्या अंगावर चढवण्याऐवजी शेजारी करावा.

वेळापत्रक पावसाळा आणि परीक्षा या दोन्हींकडे पाहून बांधावे. गच्ची उघडण्याचे काम दसरा-दिवाळीनंतर सुरू होऊन मेच्या मध्यापर्यंत संपले पाहिजे. आवाजाची तोडफोड मार्च-एप्रिलच्या परीक्षाकाळात बंद ठेवण्याची अट निविदेतच असावी, कारण नंतर ती घालायला गेल्यास कंत्राटदार वाढीव रक्कम मागतो आणि त्याचे म्हणणे कायद्याने बरोबर असते. तळघरात पुस्तके ठेवण्याचा प्रस्ताव आला तर नकार द्यावा. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील ग्रंथांची जी हानी झाली ती आठवली तरी पुरे. नदीकाठच्या शहरात पुराची आजवरची सर्वांत वरची खूण शोधून दुर्मिळ संग्रह तिच्या वरच्या मजल्यावर ठेवावा. मात्र अगदी गच्चीखालच्या मजल्यावर नको, तिथे गळती आणि उष्णता दोन्ही असतात.

पुस्तकांचे स्थलांतर हे स्वतंत्र काम समजून त्याचा वेगळा खर्च दाखवावा. नव्या जागेतील प्रत्येक फळीला क्रमांक देऊन कोणत्या वर्गांकापासून (विषयानुसार पुस्तकाला दिलेल्या क्रमांकापासून) कोणत्या वर्गांकापर्यंतची पुस्तके तिथे येतील हे आधी कागदावर उतरवावे आणि प्रत्येक फळीचा चौथा भाग वाढीसाठी रिकामा सोडावा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे असे म्हटले, त्याचा अर्थ फळीवर इतका व्यावहारिक असतो. खोकी लहान घ्यावीत, एका माणसाला सहज उचलता येतील इतकी. बांधकामाच्या काळात सर्वाधिक मागणीची पुस्तके आणि काही खुर्च्या तात्पुरत्या जागेत चालू राहिल्याच पाहिजेत. एका तुकडीची पूर्ण दोन वर्षे ग्रंथालयाविना जाणे कोणत्याही सुंदर इमारतीने भरून निघत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधला आहे, त्यामुळे १:१२ उताराचा रॅम्प, किमान ९०० मिलिमीटर मोकळी दारे, ब्रेल बटणांची लिफ्ट आणि मांडण्यांमधील पुरेशी रुंद वाट यांना ऐच्छिक बाबी म्हणून किमतीच्या काटछाटीत बळी जाऊ देऊ नये. आराखडा मंजूर करण्यापूर्वी दृष्टिहीन आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर नकाशावरून दारापासून फळीपर्यंतचा मार्ग तपासावा. अग्निशमन दलाची मंजुरी, वृक्षतोडीची परवानगी आणि महापालिकेचा नकाशा हे नेहमीचे सोपस्कार आहेत. दुर्मिळ विभागात पाण्याच्या फवाऱ्याऐवजी वायूवर चालणारी यंत्रणा मागावी, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

वातानुकूलन सगळीकडे नको. दुर्मिळ ग्रंथ आणि सर्व्हर यांना ते अखंड लागते, कारण सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. पण मोठे वाचनकक्ष उत्तरेचा उजेड, पश्चिमेला खोल छज्जे, समोरासमोर खिडक्या आणि चांगले पंखे यांवर पुणे-नाशिकच्या हवेत वर्षातील बराच काळ चालू शकतात. नागपूर किंवा चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हे पुरणार नाही, तिथे वेगळा विचार करावा. निर्णय कोणताही झाला तरी पुढील दहा वर्षांचे वीजबिल आणि देखभाल कराराचा अंदाज व्यवस्थापन परिषदेपुढे बांधकामाच्या खर्चाबरोबरच ठेवावा, कारण अनुदान इमारतीला मिळते, बिलाला मिळत नाही. कंत्राटदाराचे शेवटचे देयक देण्यापूर्वी प्रत्यक्ष झालेल्या बांधकामाचे, वीजवाहिन्यांचे आणि पाण्याच्या नळांचे नकाशे ताब्यात घ्यावेत आणि अनामत रक्कम एक पूर्ण पावसाळा निघेपर्यंत परत करू नये.